डोंगर की लिफ्ट

आत्या, सून नर्स असून तुम्ही तिला साधी नाडी बघायची सवड दिली नाहीत. पडवीत बसून चहा घेतलात, कप खाली ठेवलात, "जरा दम लागल्यागत वाटतंय," म्हणालात आणि मी आतून बीपीचं यंत्र घेऊन येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यानंतर मी तुमची छाती दाबत राहिले, पण ते करायचं म्हणून केलं. तुम्हाला ते आवडलंही नसतं. जन्मभर दुसऱ्यांना सुया टोचल्या, पण स्वतःच्या हाताला सुई नको, हे तुम्ही कितीदा तरी बोलून दाखवलं होतं. तुमच्या मनासारखं झालं म्हणायचं.

सासूवर लिहायचं म्हणजे एकतर छळाचं लिहायचं, नाहीतर देव्हाऱ्यात बसवायचं, असं लोकांना वाटतं. तुम्ही दोन्हीकडे बसत नाही. मला बघायला आलात तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, विचारलं की स्वयंपाक येतो का. तुम्ही विचारलंत, "वॉर्डात एका सिस्टरमागं पेशंट किती?" मी आकडा सांगितला. तुम्ही मान हलवलीत आणि माझ्या आईला म्हणालात, "पोरगी दमल्याली दिसती. चार दिवस झोपू द्या तिला." माझं लग्न त्या वाक्यावर ठरलं, असं मी आजही सगळ्यांना सांगते. आमच्याकडच्या रीतीनं मी तुम्हाला आत्या म्हणायला लागले, पण आपलं खरं नातं ड्युटी बदलताना भेटणाऱ्या दोन सिस्टरांचं होतं. एकीनं काय झालं, काय राहिलं ते सांगायचं, दुसरीनं ऐकून घ्यायचं, आणि मधेच दोघींनी मिळून एखाद्या डॉक्टरला नावं ठेवायची. मामा अशा वेळी उठून गोठ्यात जायचे.

तुम्ही पाटणच्या वरच्या अंगाच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. लसीचा डबा खांद्याला लावून डोंगरातल्या वाड्या पालथ्या घातलेल्या, धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या वस्तीवर लाँचनं जाऊन बाळंतपणं केलेल्या. मी कराडच्या दवाखान्यातली स्टाफ नर्स, पायाखाली फरशी आणि वर जायला लिफ्ट. तुम्ही निवृत्त झाल्या होतात, पण कुणाचं पोर तापलं की फोन तुम्हालाच यायचा. मी शेजारी बसलेली असायचे, माझी पदवी भिंतीवर असायची आणि लोक विचारायचे, "नर्सबाई हायत का?" तुम्ही फोन माझ्याकडे द्यायचात आणि म्हणायचात, "धाकल्या नर्सबाई बोलत्यात." मला त्याचा राग यायचा आणि बरंही वाटायचं.

एम.एस्सी.चं खूळ तुमच्याच डोक्यातून निघालं. मी बी.एस्सी. करून, नोकरी लागून, सुखानं बसले होते. तुमचं शिकायचं राहिलं म्हणून मी शिकावं, असलं काही तुम्ही म्हणाला नाहीत. म्हणालात, "हितं चार महिने पाऊस. ड्युटीवरनं आलीस की घरात बसून करतीस काय? अभ्यास तरी कर." तुमचा लेक शिरवळला कंपनीत, तो रविवारी यायचा. त्यालाही तुम्हीच सांगून टाकलंत की स्वाती सांगलीला शिकायला जाणार आहे, दोन वर्षं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मलाही आत्ताच कळतंय.

मग भावकीतल्या बायका आल्याच. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता आधी पाळणा हलू दे, शिक्षण काय होत राहील. मी खाली मान घालून चहा देत होते. तुम्ही तांदूळ निवडत होतात, मान वर न करता म्हणालात, "आमच्या घरात दोन नर्सा हायत. पाळणा कवा हलवायचा ते त्या ठरवतील. तुमी चहा घ्या." सगळ्या तालुक्याला कुटुंब नियोजन शिकवलेली बाई, तिच्याशी या विषयावर कोण वाद घालणार? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की प्रवेश परीक्षा आपण पास झालो पाहिजे, नाहीतर या बाईचा शब्द खाली पडेल.

अभ्यासाला पडवी, हातात प्रश्नसंच, समोर पावटा सोलत बसलेल्या तुम्ही. प्रश्न इंग्रजीत, मी मराठीत करून सांगायची, तुम्ही उत्तर द्यायचात. आणि आत्या, तुम्ही नापास झाला असता हो. रोज. एक प्रश्न मला जन्मात विसरता येणार नाही. घरी बाळंत झालेली बाई, रक्तस्राव जास्त, नर्स सर्वांत आधी काय करील? मी चार पर्याय वाचले. पोटावरून गर्भाशय चोळायचं, रक्तदाब बघायचा, सलाइन लावायचं, डॉक्टरांना कळवायचं. तुम्ही शेंग बाजूला ठेवलीत.

"आदी कुणाची जीप गावात हाय त्ये इचारायचं."

"हा पर्याय नाही, आत्या."

"मग पर्याय चुकल्यात."

"अहो, पण जीप येईपर्यंत पोटावर हात कोण ठेवणार?"

"आता त्ये बी सांगाय लागतं व्हय? हात तिथंच असतो. तोंडानं जीप इचारायची."

पुस्तकाला एका वेळी एकच उत्तर लागतं आणि तुमचे हात, तोंड, डोळे एकदमच कामाला लागलेले असायचे. हे तुम्हाला पटवता पटवता मीच थकायची. आणि त्याचा परिणाम माझ्यावर व्हायला लागला. मीही पर्यायांत जीप शोधायला लागले. वस्तीवरच्या बाईचा प्रश्न आला की पेशंट कुठल्या वाडीचा, पूल पाण्याखाली आहे का, असलं डोक्यात यायचं. सराव परीक्षेत गुण घसरले. मी चिडून म्हटलं, तुम्ही माझा अभ्यास बिघडवताय. तुम्ही म्हणालात, "बिघडू दे की जरा."

पण सगळ्या वेळी तुमचंच खरं निघालं असं नाही, हेही लिहायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल, मी मेल्यावर सून गोड बोलती. जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालायचं, या उत्तरावर तुम्ही ठाम होतात. मी पुस्तक दाखवलं. लगेच आंघोळ नको, बाळ गार पडतं, आईच्या अंगावर ठेवायचं, आंघोळ दुसऱ्या दिवशी. तुम्ही वाचून दाखवायला लावलंत. परत एकदा वाचायला लावलंत. मग बराच वेळ शेंगा सोलत राहिलात आणि म्हणालात, "आमाला शिकवलं तवा असंच शिकवलं हुतं." मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवरून आले तर तुम्ही वरच्या वाडीच्या आशाताईला फोनवर झापत होतात, की पोर जन्मलं की आंघोळ घालू नका, किती वेळा सांगायचं. अहो, कालपर्यंत तुम्हीच घालत होतात. मी हसले तर तुम्ही मला हातानं गप्प बसायची खूण केलीत.

परीक्षेला साताऱ्याला आपण दोघीच गेलो. मी आत संगणकासमोर, तुम्ही बाहेर झाडाखाली बाकड्यावर. आत रक्तस्रावाचा प्रश्न आला. तोच नाही, पण त्याचा सख्खा भाऊ. मला हसू आलं, निरीक्षक बघायला लागले, मी खोकला काढला. उत्तर मात्र पुस्तकातलं दिलं. बाहेर आले तर तुमच्या मांडीवर कंदी पेढ्यांचा पुडा उघडलेला.

"आत्या, निकाल कुठं लागलाय अजून?"

"निकाल लागला की सगळ्या गावाला वाटाय लागतात. आपल्या वाटणीला एक येतो. आज आपण दोघी खाऊ."

आपण तिथंच बसून पोटभर पेढे खाल्ले. तुम्हाला साखरेचा त्रास होता, मी नर्स असून एक शब्द बोलले नाही, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

निकाल चांगला लागला. पेढे गावाला वाटले गेले आणि मग आपलं खरं भांडण सुरू झालं. कुठलं कॉलेज आणि कुठला विषय, याचा क्रम लावून भरायचा होता. तुमच्या मनात मेडिकल सर्जिकल होतं, माझ्या मनात सामुदायिक आरोग्य. म्हणजे पुन्हा गाव, वस्ती, घरभेटी. तुम्हाला तो पर्याय ऐकूनच ठसका लागला.

"मोठं हास्पिटल घे. मशिनं, एसी. लिफ्टनं वर जायाचं, लिफ्टनं खाली याचं. मी डोंगर चढले त्ये काय कमी पडलं व्हय घराला?"

"तुम्ही सुखात होतात की त्या कामात. अजून कुणी वाडीवरून आलं की तुमचा चेहरा बदलतो."

"सुखात हुते. न्हाई कोण म्हणतंय? पण सुखात असलं म्हंजी दुखत न्हाई असं असतंय का? दुखल्यालं तुला कवा दावलं न्हाई, म्हणून तुला डोंगर सोपा वाटतूय."

मी म्हटलं, वरून उशिरा खाली आणलेल्या बायका आमच्या वॉर्डात येतात. त्यांच्याजवळ दोन महिने आधी कुणी बसलं असतं तर त्यांना लिफ्टची गरजच पडली नसती. तुम्ही म्हणालात, "मग आमी काय तिथं गोट्या खेळत हुतो?" मी म्हटलं, तुम्ही होतात तेव्हा कमी यायच्या. यावर तुम्ही उठून भांडी आवरायला घेतलीत, पण ते पटून नव्हे. हे भांडण कित्येक दिवस चाललं. स्वयंपाक करताना, धुणं वाळत घालताना, मी बसला निघाले तरी पायरीवरून. मामांनी एकदा मधे पडून पाहिलं. दोघींनी मिळून त्यांना परत गोठ्यात पाठवलं.

शेवटी तुमच्या समोर बसूनच मी क्रम भरला. सांगली आणि सामुदायिक आरोग्य, सगळ्यांत वर. तुम्ही चष्मा लावून मोबाईलमध्ये डोकावलात. "दाब. तुझं तू बघ," म्हणालात आणि कोंबड्या झाकायला निघून गेलात. जेवताना बोललात ते एवढंच, की आमटीत मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं. मी वरून घालून दिलं आणि तुम्ही ती खारट आमटी वाटी पुसून संपवलीत. त्यानंतर तो विषय आपण काढला नाही. दोघींनाही वाटत होतं की वेळ आहे.

मग तो चहा.

तुम्हाला शेवटची आंघोळ आम्ही बायकांनी घातली. पायांवर पाणी मी घातलं. आत्या, इतकी वर्षं एका घरात राहून मी तुमचे पाय नीट बघितले नव्हते. तुम्ही लुगड्याच्या काठाखाली ते कायम झाकलेले. पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी, घोटे सुजून एकसारखे झालेले, अंगठ्याची नखं काळी, एक बोट दुसऱ्यावर चढलेलं. कराडच्या वॉर्डात असे पाय आले असते तर मी त्या बाईला रागावले असते, की इतके दिवस काय करत होता. तुमचं भांडणातलं म्हणणं त्या पायांत होतं. मी ते हळदीनं, साबणानं, हातानं सावकाश धुतले आणि मनातल्या मनात म्हटलं, कळलं, आत्या. तुमचं बरोबर आहे.

पण त्याच दुपारपासून माणसं यायला लागली. घरात चूल पेटत नाही म्हणून कडू घास घेऊन, डोंगरातल्या एकेका वाडीवरून, भाकरी आणि पिठलं फडक्यात बांधून. माझ्या दवाखान्यातून बरे होऊन गेलेल्या माणसांना माझं नावही आठवत नसेल. तुमच्या माणसांना तुमची एकेक शिवी पाठ होती. एक म्हातारी सांगत होती, नर्सबाईंनी मला नवऱ्यादेखत झापलं. एक बाप्या म्हणाला, मला तर मारायलाच उठल्या होत्या, मी पोराची लस चुकवली म्हणून. सगळ्या पडवीत तुम्ही न रागावलेला माणूस सापडेना. रडत होते आणि हसतही होते. मी भाकऱ्या उतरवून घेत होते आणि हिशेब माझ्या बाजूनं लागत चालला होता. हे बघायला तुम्ही नव्हतात, याचं मला वाईट वाटलं. भांडण जिंकताना समोरचा माणूस हवा असतो.

तुमचं दहावं व्हायच्या आत जागावाटपाचा निकाल आला. सांगली, सामुदायिक आरोग्य. आणि हजर व्हायची मुदत सुतकातच संपत होती. नाही गेलं तर जागा खालच्या नावाला जाणार. मी तुमच्या लेकाला सांगितलं, त्यानं मामांना सांगितलं, आणि मामा काही बोलायच्या आत थोरले आप्पा, तुमचे चुलतदीर, बोलले. "दहावं हुईस्तवर सुनंनं उंबरा वलांडायचा न्हाई. कागुद न्हाई, सही न्हाई. शिक्षण काय पळून चाललंय?"

पळूनच चाललं होतं. पण माणूस गेलेल्या घरात, भरल्या पडवीत, सासूला जाऊन चार दिवस झालेल्या सुनेनं मला कॉलेजला जायचंय म्हणावं कसं? तुमच्या लेकाची मान खाली. मला वाटलं गेलं, पुढच्या वर्षी बघू. आणि मला माहीत होतं की पुढचं वर्ष येत नसतं.

तेव्हा कोपऱ्यातून मंगल बोलली. फुगवट्यापलीकडची, तिचं नाव तुम्हीच ठेवलेलं. भाकऱ्यांचं रिकामं टोपलं घेऊन ती निघायच्या बेतात होती.

"आवं आप्पा, नर्सबाईंच्या सासूबाई वारल्या तवा काय झाल्तं ठावं हाय का? सुतक चालू हुतं आन आमच्या बानं लाँच धाडली. नर्सबाई आल्या. मी त्या सुतकातच जल्मले. मला काय झालं? दोन पोरांची आई हाय मी."

आप्पा म्हणाले, "त्ये येगळं. बाळंतपण थांबतंय व्हय?"

"ह्ये तरी कुठं थांबतंय?" मंगल म्हणाली.

मला तुमचं ते आठवलं, सुतक हाताला असतं, साबणानं जातं. तुम्ही हे भाषण करून कधी सांगितलं नव्हतं. कुणाच्या तरी घरून आलात की मोरीवर कोपरापर्यंत हात धुता धुता पुटपुटायचात. मग मामा उठले. आयुष्यभर फौजेत हुकूम मानलेला माणूस, घरात तुमचे. आप्पांकडं न बघता म्हणाले, "सकाळची पयली कराड गाडी. सोडाय मी येतू." आप्पांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा मात्र अंगणाच्या कडेला उभे होते. "सबागती जा, सावकास," म्हणाले. रागवले नव्हते ते, आत्या. त्यांनाही तुमच्यासाठी काहीतरी पाळायचं होतं.

सांगलीला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. कॉलेजमध्ये रांग होती, बाकीच्या पोरी आईवडिलांबरोबर आलेल्या, काही नवऱ्यांबरोबर. माझ्यापेक्षा लहानच सगळ्या. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि तरी बरं वाटत होतं. कराडपासून पुढं सगळा ऊस, सपाट जमीन, एक डोंगर नाही. इथून मला परत डोंगराकडंच पाठवणार आहेत, हे मनात येऊन मजा वाटली. तुमच्यासारखंच कुणीतरी शेजारी बसून त्यावर टोमणा मारायला हवं होतं.

टेबलावरच्या मॅडमनी कागद बघितले. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"गुण चांगले आहेत. मेडिकल सर्जिकल मिळालं असतं. हे का घेतलं? फिरावं लागतं यात. घरचे तयार आहेत ना?"

"सासूबाईंचा विरोध आहे," मी म्हटलं.

"का?"

"त्या स्वतः नर्स. जन्मभर डोंगर चढल्यात. पाय फार दुखतात त्यांचे."

"मग ऐकायचं होतं त्यांचं."

"भांडतोय अजून," मी म्हटलं.

मॅडम हसल्या आणि शिक्का मारला. तुम्ही गेलात हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या हळहळल्या असत्या, दोन शब्द चांगले बोलल्या असत्या आणि विषय तिथंच मिटला असता. मला तो एवढ्यात मिटवायचा नाही. दोन वर्षं आहेत. एकेक वाडी चढून आले की माझे पाय काय म्हणतात ते मी तुम्हाला सांगत जाईन, आत्या. तुमचं खरं निघालं तरी सांगीन.